डोक की मरळीचं पिल्लू

आमच्या घरी मासा शिजायचा त्या दिवशी कालवणाच्या आधी भांडणाला उकळी फुटायची. भांडण एकच आणि वर्षानुवर्षं तेच: पातेल्यात आहे तो मासा कोणता? बाबा तलावाच्या अलीकडच्या वस्तीतले, माय पलीकडच्या वस्तीतली, मध्ये पाणी. मंगरूळपीरची एसटी जाते त्या रस्त्यावरून आत उतरलं की आधी आमची वस्ती लागायची म्हणून आम्ही अलीकडचे, एवढाच काय तो आमचा मोठेपणा. दोन्ही काठांवर आमचीच माणसं, एका जातीची, एका देवाची, सारखीच जाळी विणणारी. लग्नं त्यांच्याशीच करायची आणि डोकीही त्यांचीच फोडायची. दुसरे पाहुणे शोधत कोण लांब जातो? पण माशांची नावं काही जुळायची नाहीत. बाबांचा शिंगाडा म्हणजे मायचा कटवा. बाबांची वांब म्हणजे मायची बाम. एवढ्यावर भागलं असतं तर संसार सुखाचा म्हटला असता. पण ज्याच्यापायी आमच्या घरात तवे उडायचे तो मासा वेगळा होता.

काळा, गोल अंगाचा, सापासारख्या तोंडाचा मासा. चिखलात राहणारा, पाण्याबाहेर काढून ओल्या पोत्यात गुंडाळला तरी संध्याकाळपर्यंत जिवंत असणारा. बाबांच्या, म्हणजे सगळ्या अलीकडच्यांच्या मते त्यात दोन जाती. हातभर होऊन थांबतो तो डोक आणि मांडीएवढी होते ती मरळ. डोक म्हातारा होऊन मेला तरी त्याची मरळ होत नाही, बोकडानं कितीही खाल्लं म्हणून तो हेला, म्हणजे रेडा, होतो काय, असं बाबा विचारायचे. मायच्या, म्हणजे सगळ्या पलीकडच्यांच्या मते जात एकच. लहान आहे तोवर लोक त्याला डोक म्हणतात, वाढलं की मरळ म्हणतात, पोराचा बाप्या होतो तसं.

"मरळीचं पिल्लू हाय थे," माय ताट पुढ्यात आपटत म्हणायची. "लेकरं खानाऱ्या घरात पडली मी."

"तुह्या बापानं कधी मरळ पाह्यली होती काय?" बाबा.

"माह्या बापाची नजर कमजोरच होती. मनून तं तुमाले पोरगी देल्ली."

इथवर आलं की मी आणि गजू ताटं उचलून दाराशी जाऊन बसायचो, पळायला सोपं म्हणून. मी मोठी, गजू माझ्या पाठचा. आमच्या घरात हात उगारण्याचा मान बाबांचा आणि फेकून मारण्याचा मायचा. कलथा, पाट, फुंकणी, एकदा तर पेटतं लाकूड. हे सगळं मी आज लग्नकार्यात बायका जमल्या की रंगवून सांगते, हसून हसून पुरेवाट होते, आणि माझ्या धाकट्या सुनेला मात्र अजिबात हसू येत नाही. ती म्हणते, "आई, तुमच्या आईचा गाल सुजत होता ना तेव्हा?" सुजत होता. बाबांच्या कपाळावरही खोक होती, पण गाल आणि खोक यांची बरोबरी होत नाही हे मला कळायला माझे केस पिकावे लागले. तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरी मासा असाच शिजतो.

मासा मारणं हे मायचं काम. मला त्याची भीती वाटायची, आणि मासेमाराची मुलगी माशाला भिते हा वस्तीतला आवडता विनोद होता. पोत्यातून मासा काढला की तो मायच्या मनगटाला विळखा घालायचा. माय मूठभर राख चोळायची, म्हणजे निसटायचा नाही, मग शेपटीकडून धरून धुण्याच्या दगडावर डोकं आपटायची. ठप्. एवढ्यानं हा मासा मरत नाही. परत ठप्. परत. मेला असं वाटून पावशीवर धरला, म्हणजे तुम्ही विळी म्हणता तिच्यावर, तरी कापता कापता तोंड उघडायचा. मुंडकं वेगळं पडल्यावरही गालफडं हलायची. मी रडायला लागले की माय म्हणायची, "रडू नको वं. ज्याचा जीव चिवट, त्याचं मटन गोड." आणि खरंच गोड असायचं. जवसाच्या तेलात तव्यावर चरचरणारे तुकडे, चिंचेचा लालभडक रस्सा, ज्वारीची भाकर. रडून झाल्यावर सगळ्यांत जास्त मीच खायची. माझ्या अंगाकडे बघून कुणी वेगळा समज करून घेऊ नये.

आता हे नावाचं भांडण फक्त आमच्या चुलीपुरतं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. तलावाची वाटणीच त्यावर झाली होती. आमच्या आजोबांच्या काळात दोन्ही काठांत मोठी मारामारी झाली, एकाचा डोळा गेला, तेव्हा म्हातारे बसले. तलाव अर्धा अर्धा करायचा तर कसा करणार? उन्हाळ्यात पाणी आटून मधोमध येतं, पावसाळ्यात शेतात घुसतं. पाण्यावर रेघ मारता येत नाही. तेव्हा या शहाण्या लोकांनी रेघ माशांवर मारली. पाणी दोघांचं, जाळं कुठंही टाका, पण शिंगाडा आणि डोक अलीकडच्यांचे. मरळ आणि वांब पलीकडच्यांची. दुसऱ्याचा मासा जाळ्यात आला तर जिवंत सोडायचा. देवापुढं नारळ फोडून, हातावर पाणी घेऊन दोन्हीकडच्यांनी शपथ घेतली. आपापल्या काठची नावं मनात धरून घेतली, हे त्यांच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मोठी मरळ बघितली की भांडण नसायचं, ती त्यांची. वीतभर मासा असला तरी कुणी हुज्जत घालायचं नाही, एवढ्याशासाठी कोण भांडतो. पण हातभर लांबीचा मासा आला की दोन्ही काठांची माणसं दंड थोपटून उभी.

शपथ मोडणाऱ्याला शिक्षाही तेव्हाच ठरली. चोराचं जाळं जाळायचं आणि त्याचा जाळं फेकायचा हात मोडायचा. मोडायचा कुणी, तर त्याच्या मामानं. परक्यानं मारलं तर वैर होतं, मामानं मारलं तर वळण लागतं, असं म्हातारे म्हणायचे. आमच्या शेजारच्या किसनाला ही शिक्षा झालेली मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली. त्याचा हात डोंग्याच्या, म्हणजे आमच्या लाकडी होडीच्या काठावर पसरून धरला होता चौघांनी, आणि त्याचा मामा हुंदके देत वल्हं उचलत होता. पहिला घाव हुकला म्हणून दुसरा घालावा लागला. किसनाचा हात पुढं वाळल्या फांदीसारखा वाकडा राहिला. जाळं फेकणं संपलं, बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला, तो पोळ्याला सुद्धा परत आला नाही. त्यामुळं हात मोडणं म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. त्यातून बाबांचा खांदा निखळलेला, त्यांना वल्हं मारता यायचं पण जाळं फेकता येत नव्हतं. घर चालायचं ते गजूच्या उजव्या हातावर. मिसरूड फुटलेला पोरगा, पण जाळं असं फेकायचा की ते हवेत पूर्ण गोल उघडायचं आणि पाण्यावर आवाज न करता बसायचं. पलीकडचेही काठावर उभे राहून बघायचे. त्याला त्या हाताचा माज होता. असणारच.

त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. मधल्या डोहात सगळा तलाव गोळा झाला होता, आणि दोन्ही काठांची जाळी एकमेकांना घासत होती. सकाळची वेळ. माय पावशीवर बसून कांदा कापत होती, बाबा वस्तीतल्या माणसांबरोबर तिकडे कडूलिंबाखाली जाळ्याला शिसं बांधत होते, मी काहीच करत नव्हते. तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. पाणी आटलं की आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावर माझी मामी, मायच्या धाकट्या भावाची बायको, पदर हलवत ओरडत होती.

"ओ बाई! वो बाई! गजूले धरलं वो! मासा घावला त्याच्यापाशी! लवकर या, हात मोडून राह्यले पोट्ट्याचा!"

माय उठली ती पावशी हातात घेऊनच. पाटासकट. मला वाटतं तिला ती हातात आहे हेही ठाऊक नव्हतं. काठावर आमचा डोंगा होता, तिनं मला मानगुटीला धरून आत ढकललं आणि वल्हं माझ्या हातात दिलं. मी कधी वल्हं मारलेलं नव्हतं. डोंगा दोनदा जागच्या जागी फिरला. "नाच नको करू वं, पुढं चाल!" माय ओरडली आणि स्वतः पुढं ओणवी होऊन दोन्ही हातांनी पाणी मागं लोटायला लागली. मागं वळून बघितलं तर बाबा आणि वस्तीतली माणसं दुसऱ्या डोंग्यांकडे धावत होती, कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात नुसत्या शिव्या.

पलीकडच्या काठावर सगळी वस्ती जमली होती. डोंगा चिखलात ओढून ठेवलेला, त्याच्या काठावर गजूचा उजवा हात पसरून दोरीनं बांधलेला. तो गुडघ्यांवर होता. त्याला आधीच पुरेसा चोपला होता: ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, बनियनवर रक्त आणि शेवाळ. त्याचं जाळं बाजूला गोळा करून ठेवलेलं, त्यावर कुणीतरी रॉकेल ओतलं होतं, वास येत होता. आणि नारायणमामा, ज्याच्या खांद्यावर बसून आम्ही दोघं जत्रा बघायचो तो मामा, हातात वल्हं घेऊन उभा होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. समोर घमेल्यात थोड्या पाण्यात तो मासा. मी आधी गजूकडे बघितलं आणि मग माशाकडे. मासा बरोबर हातभर होता.

"डोक हाय मामा!" गजू रडत ओरडला. "मायची आन, डोक हाय! आमचा हाय!"

"चूप बे," पलीकडचा एक जण म्हणाला आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. "चोर तं चोर, वरून शिकवते आमाले."

पलीकडच्या वस्तीत शेवटचा शब्द ज्याचा चालायचा त्याला सगळे नुसतं बुढा म्हणत. शपथ घेतली तेव्हा तो पोरगा होता म्हणे. तो काठी टेकत मायसमोर आला. आवाज चढवला नाही.

"पोरी, तू आपल्या काठची. तूच सांग. याले आपन काय म्हनतो?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. कारण माय काय म्हणते हे दोन्ही काठांना माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून ती रोज हेच तर म्हणत आली होती, ओरडून, ताटं आपटून, मार खाऊन. आमच्या घरातली भांडणं पाण्यावरून पलीकडे ऐकू यायची. मरळीचं पिल्लू हाय थे. ती मरळ म्हणाली तर तिच्या तोंडच्या शब्दानं पोराचा हात जाणार होता. आणि डोक म्हणाली तर खोटं बोलली असं सगळं माहेर म्हणणार, आणि हात तरीही जाणार, कारण एका खोटं बोलणाऱ्या आईचं कोण ऐकतो?

"बोल ना बाई," मामा म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "काईतरी बोल."

मायनं पावशी चिखलात टेकवली, पाटावर पाय ठेवून तिथंच बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, आणि घमेल्यातला मासा उचलला. राख नाही, दगड नाही. जिवंत मासा तिच्या मनगटाला विळखा घालत होता, तसाच तिनं तो पात्यावर दाबला. पहिल्यांदा मुंडकं गेलं. ते तिनं मधोमध चिरलं, मग परत चिरलं. मग शेपटी. मग अंग, उभं, आडवं, परत उभं. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. तिची दोन बोटं कापली होती, तेही त्यात मिसळलं. ना खवलं ओळखू येत होतं ना नक्षी, नुसता लाल काळा चेंदा झाला, तरी ती कापतच होती, दात ओठ खाऊन, आणि तिच्या घशातून असा काही आवाज येत होता की पुढं उभी असलेली माणसं मागं सरकली. मग तिनं तो चेंदा घमेल्यात टाकला आणि घमेलं बुढ्याच्या पायाशी सरकवलं.

"आता इचारा त्याले," ती म्हणाली, "तुह्यं नाव काय मनून."

बुढा घमेल्याकडे बघत राहिला. शपथेत सगळं होतं पण मासाच उरला नाही तर काय करायचं हे नव्हतं. मला वाटतं अजून थोडा वेळ मिळाला असता तर तो सोडा म्हणाला असता. त्याची मान हलायला लागली होती. पण तेवढ्यात आमच्या माणसांचे डोंगे काठाला लागले, आणि आमच्या माणसांना विचार करायला वेळ देणं कधीच जमलेलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मी सगळं सांगू शकत नाही, कारण त्यातला बराच भाग मी डोंग्याखाली तोंड खुपसून होते. गुडघाभर चिखलात माणसं माणसांवर पडत होती. काठ्या मानेवर, पाठीवर, एकमेकींवर. कुणीतरी कुणाच्या तरी तोंडात चिखल कोंबत होतं. माझा सख्खा काका मामीच्या सख्ख्या भावाचा कान धरून लोंबकळला होता आणि कान हळूहळू फाटत होता. मामी घमेलं घेऊन दोन्हीकडच्यांना सारखंच हाणत होती. एक केसाळ पाय माझ्या तोंडासमोर आला म्हणून मी त्याला कडकडून चावले. तो कोणत्या काठचा होता ते आजवर समजलेलं नाही. नंतर कित्येक लग्नांत मी लंगडणारे पाहुणे निरखून बघितले. चव तंबाखूची होती एवढंच सांगते.

त्या धुमाळीत मी एक मात्र नीट पाहिलं. नारायणमामानं हातातलं वल्हं फेकून दिलं आणि तो गजूपाशी वाकला. त्याच्या हाताची दोरी सोडायला लागला. दोरी ओली, गाठ बसलेली. तो दातांनी ओढत होता. "थांब लेका, हालू नको," तो म्हणत होता. आणि बाबा मागून आले. त्यांना काय दिसलं ते मला ठाऊक आहे, कारण तेच कुणालाही दिसलं असतं: मेहुणा आपल्या पोराच्या हातावर वाकलाय. बाबांनी दोन्ही हातांनी वल्हं वर उचललं. निखळलेला खांदा, तरी वर उचललं. मी ओरडले असेन. मामानं वर बघितलं, अंग चोरलं, चिखलात पाय घसरला आणि तो बाजूला पडला. वल्हं खाली आलं ते डोंग्याच्या काठावर बांधलेल्या हातावर.

तो आवाज मला लिहिता येत नाही. वाळली काटकी मोडते तसा नव्हता. ओली मोडते तसा होता.

गजू ओरडलाच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मग ओरडला, आणि तो ऐकून मारामारी जिथल्या तिथं थांबली. ज्याची मूठ वर होती त्याची वर राहिली. सगळे डोंग्याकडे बघत होते, आणि बाबा वल्हं तसंच धरून उभे होते, जणू ते कुणी दुसऱ्यानं त्यांच्या हातात दिलंय. बुढा पुढं आला. त्याच्या डोक्यातून रक्त गळत होतं.

"झालं," तो म्हणाला. "हात मोडला. मिटलं. जा घरी."

आणि ती सगळी माणसं खरंच जायला लागली! ज्यांनी एकमेकांचे कान फाडले होते ती एकमेकांना चिखलातून हात देऊन उठवत होती. हात मोडायचा होता, मोडला; कुणी मोडला याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नव्हतं. एक जण काडेपेटी घेऊन जाळ्याकडे गेला, तेव्हा मात्र माय पावशी घेऊन जाळ्यावर जाऊन बसली. नुसती बसली. तो काडेपेटी खिशात घालून निघून गेला.

गजूला मामानं पाठीवर घेतलं. बाबा पुढं झाले तर गजूनं अंग आक्रसून घेतलं, मुद्दाम नव्हे, आपोआप. बाबा मागं सरकले. रस्त्यापर्यंत मामा पुढं, मायनं मोडका हात दोन्ही हातांवर तोलून धरलेला, मी मध्ये, आणि बाबा सगळ्यांच्या मागं, काही अंतर ठेवून, एसटीत सुद्धा मागच्या दारापाशी उभे. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मारलं याला?"

"म्या," मामा लगेच म्हणाला. "मी मामा होय त्याचा. मामानं मारलं तं चालते आमच्यात."

"खोटं बोलून राह्यला थो," दारातून बाबा म्हणाले. "म्या मारलं. बाप होय मी."

"अवो भाऊजी, तुमी चूप बसा ना."

"तू चूप बस. माह्या पोराले मीच मारलं."

ते दोघं तिथं एकमेकांच्या अंगावर जाणार असं दिसलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाहेर जाऊन आधी ठरवून या, तोवर मी हाड बसवतो."

हाड बसलं, पण कोपर कायमचं अडकलं. गजूनं प्लास्टर निघाल्यावर जाळं फेकून बघितलं. ते उघडायचं, पण अर्धंच, कापलेल्या भाकरीसारखं. आज तो मंगरूळपीरच्या बाजारात मासे विकतो, डाव्या हातानं कापतो, आणि गिऱ्हाईकानं हा कोणता मासा म्हणून विचारलं की विचारतो, "तुमच्याकडं काय म्हनते याले?" गिऱ्हाईक जे नाव सांगेल ते नाव. परवा माझ्या भाच्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं की या माशाच्या आपल्याकडं निदान तीन-चार जाती आहेत, आणि मोठ्या जातीचं पिल्लू लहानपणी निराळंच दिसतं. म्हणजे दोन्ही काठ चुकत होते. मी त्याला म्हटलं, हे तू आधी जन्माला येऊन सांगायचं होतंस.

पण मला सांगायचं आहे ते प्लास्टरच्या दिवसांतलं. मोडलेल्या हाडाला हा मासा चांगला, असं दोन्ही काठांवर मानतात. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं जमतं. म्हणून मामा बाजाराच्या दिवशी ओल्या पोत्यात जिवंत मासा घालून पाठवायचा. माय मारायची, रांधायची. आणि वाढून झालं की बाबा आपलं ताट बाजूला सारून गजूच्या ताटापुढं बसायचे. आमच्या बाबांनी कधी कुणाला भरवलेलं मी पाहिलं नव्हतं, आम्ही लहान असतानाही नाही. त्यांना ते येतही नव्हतं. घास मोठा व्हायचा, रस्सा गजूच्या मानेवर सांडायचा. तुकडा बोटांनी फोडून, उजेडाकडे धरून काटा शोधायचे, या माशात काटे फार नसतात तरी शोधायचे. गजू तोंड उघडायचा, खायचा, बोलायचा नाही. कित्येक जेवणं अशीच गेली. त्या दिवसांत आमच्या घरात काहीही उडालं नाही, आणि खरं सांगू, मला त्या शांततेची तव्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

एका दुपारी मामाकडून आलेला मासा हातभर होता. मायनं मुद्दाम तसा वाढला की नाही मला ठाऊक नाही. तुकडे मोठे होते, काळी नक्षी स्पष्ट दिसत होती. बाबांनी काटा शोधून घास पुढं केला. गजूनं तोंड उघडलं नाही. त्यानं बाबांकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ बघितलं.

"बाबा," तो म्हणाला, "कोनता मासा होय हा?"

चुलीपाशी मायचा भाकर थापणारा हात थांबला. बाबांचा पुढं केलेला हात तसाच होता. त्यावरून रस्सा मनगटाकडे ओघळत होता, आणि त्यांनी तो पुसला नाही.

"तुह्या मायले इचार," ते म्हणाले.

गजूनं मायकडे बघितलं नाही. त्यानं तोंड उघडलं.